गाव, पिशाच्च आणि वाचक

भयकादंबरी म्हणजे प्रवासात वाचावयाची आणि उतरताना गाडीत विसरून यावयाची वस्तू, अशी आपल्याकडील सुशिक्षितांची सर्वसाधारण समजूत आहे. साहित्यसंस्थेच्या नियतकालिकातून तिजविषयी लिहिताना त्यामुळे थोडा संकोच होतो. तथापि गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेत अशा एका कादंबरीवरून जो वाद उभा राहिला, तो आम्हांस महिनाभर पुरला. आणि त्या वादात भाग घेणारांनी कादंबरीपेक्षा स्वतःविषयीच अधिक सांगितले, हे मागाहून माझ्या ध्यानात आले.

आमचे गुडीहत्नूर हे आदिलाबाद जिल्ह्यातील, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे लहानसे गाव. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता, पुढे आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. राज्यांची नावे बदलली. घराघरांतील मराठी, तेलुगू, गोंडी आणि लमाणी मात्र जागच्या जागी राहिल्या. शाळेचे ग्रंथालय म्हणजे दोन लोखंडी कपाटे. त्यांतील एका कपाटातून आपल्या मुलाने नेलेले पुस्तक घेऊन कापसाचा लहानसा व्यापार करणारे एक गृहस्थ माझ्या खोलीत आले. पुस्तक होते नारायण धारप यांची ‘लुचाई’. “सर, पोरगा रात्री गोठ्यात जायला तयार नाही, ते एक सोडा,” ते म्हणाले. “पण आपल्या भागात भानामतीचं खूळ आधीच काय कमी आहे, की शाळेनंही त्यात भर घालावी?”

हा आक्षेप मी हसण्यावारी नेऊ शकलो नाही. का, ते पुढे येईल.

नारायण धारप (१९२५–२००८) हे नाव मराठी वाचकास नवे नाही. गेल्या काही वर्षांत तर तरुण मंडळी ते पुन्हा विचारू लागली आहेत. २०१८ साली आलेल्या ‘तुंबाड’ ह्या हिंदी चित्रपटामागे धारपांच्या एका कथेची प्रेरणा होती, हे त्याचे एक कारण. ‘लुचाई’ हे शीर्षकच मोठे मार्मिक आहे. लुचणे ही क्रिया आपण वासराच्या आणि तान्ह्या मुलाच्या बाबतीत योजतो. त्या वत्सल शब्दाच्या पोटातून रक्तशोषणाचा अर्थ डोकावला की अंगावर काटा येतो, आणि ही किमया कोणत्याही परभाषेतून उसनी आणता येत नाही. कथावस्तू मात्र मूळची अमेरिकन आहे. स्टीफन किंग यांची १९७५ सालची ‘सेलम्स लॉट’ ही ती कादंबरी. तिची इंग्रजी प्रत आमच्या एका माजी विद्यार्थ्याने हैदराबादहून आणून दिली. तेव्हा पालकांशी वाद घालण्यापूर्वी मुळातच हात घालावा, असे मी ठरविले. संध्याकाळी शाळा सुटल्यावर शिक्षक आणि गावातील चार जिज्ञासू माणसे व्हरांड्यात बसत, आणि मी तिचा कथाभाग मराठीत सांगत असे. ह्यापुढील विवेचन त्या मूळ कादंबरीस अनुलक्षून आहे.

किंग हे त्या काळी शाळेत इंग्रजी शिकवीत. वर्गात ब्रॅम स्टोकर यांची १८९७ सालची ‘ड्रॅक्युला’ शिकविताना त्यांच्या मनात प्रश्न आला की, हा सरदार विसाव्या शतकातील अमेरिकेत अवतरला तर काय होईल? त्यांनी त्यास महानगरात न नेता मेन राज्यातील सुमारे तेराशे वस्तीच्या एका गावात आणले. गावाबाहेरच्या टेकडीवर मार्स्टन नावाच्या माणसाचे ओसाड घर आहे. तेथे पूर्वी खून आणि आत्महत्या घडली आहे. ते घर दोन परके गृहस्थ विकत घेतात. त्यांपैकी एक दिवसा दिसतो, दुसरा कोणासच दिसत नाही. पुढे एक मूल नाहीसे होते, त्याचा भाऊ मरतो आणि मेलेला तो मुलगा रात्री खिडकीवर नखे घासू लागतो. ह्याच सुमारास बालपणी त्या गावात राहून गेलेला बेन मीअर्स हा लेखक परत आलेला असतो. तो, एक म्हातारा शिक्षक, एक डॉक्टर, एक पाद्री, एक तरुणी आणि एक शाळकरी मुलगा एवढीच मंडळी संकट ओळखतात. शेवटी त्यांतून दोघे उरतात, आणि गाव मात्र उरत नाही.

पहिला मतभेद झाला तो कथेच्या गतीविषयी. पुस्तक आणून देणाऱ्या माजी विद्यार्थ्याचे म्हणणे असे, की पहिली दीडशे-दोनशे पाने निव्वळ पाल्हाळ आहे. दूधवाला पहाटे केव्हा उठतो, कोणाची बायको कोणाकडे जाते, कोणती आई रडणाऱ्या तान्ह्या मुलास मारते, ह्याच्याशी पिशाच्चाचा काय संबंध? त्याने १९७९ सालचे दूरदर्शनसाठी केलेले रूपांतर भ्रमणध्वनीवर पाहिले होते. त्यातील पिशाच्च मुके आणि नुसते दर्शनानेच भिववणारे आहे. कादंबरीतला बार्लो मात्र सुसंस्कृत सभ्य गृहस्थाप्रमाणे बोलतो, म्हणून तो ह्या तरुणास फिका वाटला. उलट निवृत्त पोस्टमास्तरांस हीच पाने सर्वांत अधिक आवडली. तीस वर्षे लोकांची पत्रे आणि मनिऑर्डरी हाताळलेला तो मनुष्य. त्यांच्या मते गावाची गुपिते आधी सांगितल्यावाचून पुढचे भय उभेच राहत नाही, कारण पिशाच्च ज्या वाटेने येते ती वाट ह्या गुपितांनीच मोकळी केलेली असते. गावचा जमीन-दलाल एका किफायतशीर व्यवहाराच्या मोहाने टेकडीवरचे घर परक्यांस मिळवून देतो आणि त्यांस एकही प्रश्न विचारीत नाही. महामार्गाकाठी जमिनींचे भाव कसे चढले, हे पाहिलेल्या आमच्या मंडळींस तो दलाल परका वाटला नाही. माझे मत पोस्टमास्तरांच्या बाजूचे आहे. ह्या कादंबरीत पिशाच्च हे निमित्त आहे. खरा विषय गाव हा आहे. ज्यास पिशाच्च हवे त्यास ती संथ वाटते आणि ज्यास गाव हवे त्यास ती संपूच नये असे वाटते. दोघांचेही वाचन आपापल्या जागी प्रामाणिक आहे.

रूपांतराच्या प्रश्नावर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, आणि पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ तर ‘सेलम्स लॉट’ निघाली त्याच वर्षी रंगभूमीवर आली. परक्या बीजास आपली माती देणे हा मराठीत दोष कधीच नव्हता. ऋण पहिल्या पानावर मोकळेपणाने नोंदलेले असावे, हा काही वाचकांचा आग्रह मात्र सर्वथैव रास्त आहे. लोकप्रिय कादंबरीस त्यातून सूट मिळावयाचे कारण नाही.

खरी कसोटी निराळीच आहे. हे पिशाच्च आपल्या मातीत रुजते काय? आपल्याकडे भुतांची वाण नाही. वेताळ आहे, हडळ आहे, खवीस आहे, पिंपळावरचा मुंजा आहे. परंतु त्या प्रत्येकास ठिकाण आहे आणि बहुधा अपुरी राहिलेली एखादी वासना आहे. पिंपळ टाळला, तिठा टाळला, उतारा टाकला, की मनुष्य सुटला. युरोपीय रक्तपिपासू पिशाच्चाची जात वेगळी. ते ज्यास दंश करते तो स्वतःच पिशाच्च होतो आणि आपल्याच घरच्यांच्या दारी जातो. आमच्या आरोग्यकेंद्रातील परिचारिका बाई हे ऐकून चटकन म्हणाल्या, “सर, हे भूत नाहीच, ही साथ आहे.” आणि मग त्यांनी असा एक प्रश्न केला, जो मला पुस्तकी समीक्षेत आढळला नव्हता. ह्या पिशाच्चास आतून कोणी बोलावल्याखेरीज उंबरठा ओलांडता येत नाही, असा नियम आहे ना? मग गावात ज्या ज्या घरी ते शिरले, त्या प्रत्येक घरी दार उघडणारा कोणी तरी होता. तो कोण, ह्याची नोंद ठेवीत गेले तर सारी कादंबरी निराळी दिसेल. मी तसे करून पाहिले. दार उघडणारांत बहुतेक जण मायेपोटीच उघडतात. मुलगा गेलेली आई, मित्रास रात्री आसरा देणारा शिक्षक. दुष्टाव्याने उघडणारा जमीन-दलालासारखा एखादाच.

पाद्री कॅलहन ह्याजविषयी मते फार टोकाची पडली. हाती क्रूस असूनही अखेरच्या क्षणी त्याची श्रद्धा डगमगते आणि क्रूस निस्तेज होतो. आमच्या कीर्तनकार बुवांस हा प्रसंग धर्मविरोधी वाटला. गणित शिकविणाऱ्या सहकाऱ्यास तोच सर्वांत धार्मिक वाटला. दोघांचेही समाधान झाले नाही आणि चहा निवून गेला.

आता पालकांच्या आक्षेपाकडे वळतो. त्याची बाजू आमच्या इंग्रजीच्या शिक्षिकेने फार परखडपणे मांडली. ती म्हणाली, ह्या कादंबरीत मूठभर माणसांस संशय येतो आणि तो संशय खरा ठरतो. हेच तिचे विष आहे. आपल्या भागात संशय येतो तेव्हा तो कधीच खरा नसतो, पण शिक्षा मात्र खरी होते. आपण ज्यास भानामती किंवा करणी म्हणतो आणि आपले तेलुगू शेजारी ज्यास चेतबडी म्हणतात, तिच्या नावाने तेलंगणात आणि मराठवाड्यात माणसे मारली गेली आहेत, हे सर्वश्रुत आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर महाराष्ट्राने जादूटोण्याविरुद्ध कायदा केला. पण तो महाराष्ट्राचा कायदा आहे, पैनगंगेच्या अलीकडे तो लागू नाही. आणि कादंबरीच्या अखेरीस नायक काय करतो? गावास आग लावतो. “मुलांनी ह्यातून काय घ्यायचं, सर?”

मी उत्तर दिले नाही, कारण मला एक जुनी गोष्ट आठवली. वीस-बावीस वर्षांपूर्वी, मी साधा शिक्षक असताना, जवळच्या एका वस्तीत लागोपाठ काही वासरे दगावली आणि लोकांचे डोळे एका विधवेकडे वळले. तिला विहिरीवर येऊ देईनासे झाले. तिची नात माझ्या वर्गात होती. ती येईनाशी झाली. मी हजेरीपटावर काही दिवस गैरहजेरी मांडली आणि नियमाप्रमाणे पुढे नाव कमी केले. कारण मला ठाऊक होते; वर्गातल्या पोरांसही ठाऊक होते. एके दिवशी ते घर रिकामे दिसले. माणसे कोठे गेली, हे मी कोणास विचारले नाही.

‘सेलम्स लॉट’मध्ये गावचा एक पोलीस अधिकारी आहे. काय चालले आहे ते त्यास पुरते उमजते, आणि तो सामान बांधून बहिणीच्या गावी निघून जातो. व्हरांड्यात तो भाग सांगताना माझा आवाज बसला. मंडळींस वाटले, पावसाळी हवा आहे.

म्हणूनच शिक्षिकेचे म्हणणे मला अर्धे पटते आणि अर्धे पटत नाही. कादंबरीतला संशय खरा ठरतो हे खरे. परंतु तो कोणावर येतो, हे पाहावे. तो गावातल्या दुबळ्या, एकट्या, म्हाताऱ्या बाईवर येत नाही. तो येतो पैसेवाल्यावर, ज्याच्याशी व्यवहार करण्यास सारे उत्सुक आहेत अशा गृहस्थावर. आणि म्हणूनच तो कोणी उच्चारीत नाही. भानामतीचा संशय नेमका ह्याच्या उलट दिशेने वाहतो. हा फरक दहावीच्या मुलास समजावून सांगता येतो. मी तो सांगून पाहिला आहे, आणि मुलांनी त्यावर मला अडचणीत टाकणारे प्रश्न विचारले आहेत.

आणखी एक गोष्ट. संकट सर्वांत आधी ओळखणारांत मार्क पेट्री हा शाळकरी मुलगा आहे. त्यास राक्षसांच्या मूर्ती जुळविण्याचा छंद असतो, आणि खिडकीशी मेलेला मित्र येतो तेव्हा त्याच खेळण्यांतला लहानसा क्रूस उचलून तो आपला जीव वाचवितो. थोर माणसांस जे अशक्य म्हणून दिसत नाही ते त्यास दिसते, कारण ज्या गोष्टी वाचून बिघडशील असे त्यास बजावले जाते त्या त्याने वाचलेल्या असतात. व्यापारी गृहस्थांस मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “पुस्तकवाला आपल्या पुस्तकाची बाजू घेणारच.” हे बोलणे मला फार आवडले. समीक्षकांनी किंग यांस ह्याहून अवघड प्रश्न विचारला असेल असे वाटत नाही. म्हाताऱ्या शिक्षकाविषयी माझा पक्षपात तर उघडच आहे. रुग्णालयाच्या खाटेवर पुस्तके मागवून पिशाच्चाचा अभ्यास करणारा मॅट बर्क मला जितका खरा वाटतो तितका नायकही वाटत नाही. तरुणीचे चित्रण मात्र दुबळे उतरले आहे. ती एकटीच टेकडीवरच्या घरी जाते ती केवळ लेखकास तिचा बळी हवा असतो म्हणून, हा शिक्षिकेचा आरोप मला खोडता आला नाही.

‘लुचाई’ कपाटातून काढली नाही. नववी-दहावीच्या खणात ठेवली, आणि ती नेणाऱ्या मुलाने परत करताना वर्गात तिजविषयी दहा मिनिटे बोलावे, असे ठरविले. इंग्रजीच्या शिक्षिकेचा ह्या निर्णयास विरोध आहे आणि तो तिने शिक्षकांच्या बैठकीत नोंदविला आहे. व्यापारी गृहस्थ नंतर एकदा आले, काही न बोलता कपाटापाशी उभे राहिले, आणि तेच पुस्तक स्वतःच्या नावावर घेऊन गेले. नोंदवहीत त्यांच्या नावापुढे परतीची तारीख अद्याप लिहावयाची आहे.