पाण्याची पायरी

घाट चढावयास आपण पायऱ्या बांधतो. पण जहाजाने टेकडी कशी चढावी? मध्य अमेरिकेतील पनामात चाग्रेस नदीला गातून येथे धरण घालून मोठे सरोवर केले आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंच आहे. अटलांटिकमधून आलेले जहाज तीन लॉक ओलांडून त्यात चढते.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांस दरवाजे असलेला पक्का हौद. जहाज आत आले की मागचा दरवाजा मिटतो. तळातील भोकांवाटे वरचे पाणी आत शिरते व जहाज उचलले जाते. पातळी सारखी झाली की पुढचा दरवाजा उघडतो. याला पंप लागत नाही. पाणी आपल्याच वजनाने खाली येते. दरवाज्याच्या दोन फळ्या वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात, म्हणून पाणी रेटेल तितक्या त्या घट्ट बसतात.

पण हे फुकट होत नाही. प्रत्येक जहाजामागे सरोवराचे कोट्यवधी लिटर गोडे पाणी समुद्राला मिळते. २०२३ साली पाऊस कमी पडला, तेव्हा जहाजेच कमी सोडावी लागली.

आणि माणसे? १९०४ ते १९१४ या काळात अमेरिकेने हा कालवा पुरा केला, तेव्हा रोगराईने व अपघातांनी साडेपाच हजारांहून अधिक कामगार दगावले. त्यांत वेस्ट इंडीजचे काळे मजूर फार. गोऱ्या अमेरिकनांना पगार सोन्याच्या नाण्यांत, या मजुरांना चांदीच्या, आणि तोही कितीतरी कमी.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. आम्हांला एवढेच दिसते की पाण्याची पातळी सारखी करणाऱ्यांनी माणसांची केली नाही.