आपलं गाणं, आपल्याच आवाजात

एक फोटो डोळ्यांसमोर आणून बघा. मोठी खिडकी, आत आलेलं ऊन आणि खिडकीत बसलेली एक तरुण बाई. कुरळे केस मोकळे सोडलेले, अंगात साधा स्वेटर आणि जीन्स, पाय अनवाणी. हातात भरतकामाचा तुकडा. पुढ्यात उशीवर बसलेलं मांजर. ना झगमगाट, ना दागिने. दुपारची कामं आवरून घटकाभर टेकलेली एखादी शेजारीणच जणू!

हा फोटो आहे एका रेकॉर्डच्या कव्हरवरचा. साल १९७१. रेकॉर्डचं नाव ‘टॅपेस्ट्री’, म्हणजे लोकरीच्या धाग्यांनी कापडावर उमटवलेलं चित्र. आणि ही बाई म्हणजे अमेरिकेची गायिका-संगीतकार कॅरोल किंग. खिडकी तिच्याच घरातली, मांजर तिचंच आणि हातातलं भरतकामही तिचं स्वतःचं. ही रेकॉर्ड अमेरिकेत सलग १५ आठवडे पहिल्या नंबरावर होती. आजवर जगभरात तिच्या अडीच कोटींच्या आसपास प्रती खपल्या आहेत.

‘इंग्रजी गाण्यांशी आपला काय संबंध?’ असं कुणी म्हणेल. पण ही गोष्ट नुसत्या इंग्रजी गाण्यांची नाही. दहा वर्षं दुसऱ्यांसाठी गाणी करत मागे राहिलेल्या आणि मग एक दिवस स्वतः पियानोपुढे बसून गायला लागलेल्या एका बाईची ती गोष्ट आहे. ती आपल्याला नक्कीच ओळखीची वाटेल.

आईनं शिकवलेला पियानो

कॅरोलचा जन्म ९ फेब्रुवारी १९४२ चा, न्यूयॉर्कमधला. माहेरचं आडनाव क्लाईन. वडील अग्निशामक दलात, आई शिक्षिका. घर ब्रुकलिनमध्ये, अगदी मध्यमवर्गीय. घरात एक पियानो होता आणि आईला तो छान वाजवता यायचा. चारेक वर्षांची असतानाच कॅरोल आईजवळ बसून शिकायला लागली. कुठलाही सूर नुसता कानावर पडला की तो कोणता, हे ती अचूक सांगायची. शाळेत असतानाच तिनं गाण्यासाठी ‘किंग’ हे नाव घेतलं आणि आपली गाणी घेऊन रेकॉर्ड कंपन्यांचे उंबरे झिजवायला सुरुवात केली.

कॉलेजात तिला जेरी गॉफिन भेटला. त्याला गाणी लिहायची होती, तिला चाली सुचत होत्या. जोडी जमली. १९५९ मध्ये दोघांनी लग्न केलं तेव्हा कॅरोल अवघी १७ वर्षांची होती आणि तिला दिवस गेलेले होते. पुढच्या वर्षी मुलगी झाली, लुईस. जेरी एका प्रयोगशाळेत नोकरी करायचा, कॅरोलही सेक्रेटरीचं काम करायची. दिवसभर नोकरी, संध्याकाळी बाळ, स्वयंपाक आणि मग गाणी!

चाल तिची, शब्द त्याचे, आवाज तिसरीचा

एके दिवशी कॅरोलनं एक चाल पियानोवर वाजवून टेप करून ठेवली आणि ती बाहेर गेली. जेरी कामावरून आला, त्यानं ती ऐकली आणि त्यावर शब्द लिहिले. ते गाणं म्हणजे ‘विल यू लव्ह मी टुमारो’. प्रेमात सर्वस्व देऊन बसलेल्या मुलीच्या मनातली उद्याची धाकधूक त्यात होती. ‘शिरेल्स’ नावाच्या कृष्णवर्णीय मुलींच्या ग्रुपनं ते गायलं. त्यातल्या व्हायोलिनची रचनासुद्धा कॅरोलनंच केली होती. जानेवारी १९६१ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. कृष्णवर्णीय मुलींच्या ग्रुपचं गाणं पहिल्या नंबरावर जाण्याची ती पहिलीच वेळ. चाल बांधणारी कॅरोल तेव्हा १८ वर्षांची होती!

दोघांनी नोकऱ्या सोडल्या. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एका इमारतीत संगीत कंपनीच्या छोट्या छोट्या खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत एक पियानो आणि गाणी लिहिणारी जोडी. शेजारच्या खोलीतली चाल भिंतीतून ऐकू यायची! तिथं बसून या नवरा-बायकोनं एकामागून एक गाणी दिली. गंमत म्हणजे त्यांच्या मुलीला सांभाळायला येणाऱ्या इव्हा बॉइड या मुलीकडून त्यांनी एक गाणं गाऊन घेतलं. ‘लोकोमोशन’ नावाचं ते गाणं १९६२ मध्ये पहिल्या नंबरावर गेलं आणि ती पोरगी ‘लिटल इव्हा’ म्हणून प्रसिद्ध झाली.

१९६७ मध्ये त्यांनी अरिथा फ्रँकलिन या मोठ्या गायिकेसाठी ‘नॅचरल वुमन’ लिहिलं. तेही खूप गाजलं. बाईच्या मनातलं बोलणारी ही सगळी गाणी. पण जरा थांबून विचार करा. त्यातले शब्द नवऱ्यानं लिहिलेले. आवाज दुसऱ्याच कुणा गायिकेचा. कॅरोलची ती फक्त चाल. एखादं गाणं नमुन्यादाखल रेकॉर्ड करायचं असलं की ती पियानो वाजवत स्वतः गायची. ते गायकांना ऐकवायचं आणि बाजूला ठेवून द्यायचं, इतकंच. मधे १९६२ मध्ये तिच्या स्वतःच्या आवाजातलं एक गाणं बाजारात आलं, बऱ्यापैकी चाललंही. पण त्यानंतर ती पुन्हा पडद्याआड गेली. घर, मुली, नवरा आणि कामाचा रेटा. आपण गाणी करणाऱ्या, गाणाऱ्या वेगळ्या, असंच तिनं मनाशी धरलं होतं.

घर मोडलं, तेव्हा...

जेरीची मनःस्थिती हळूहळू बिघडत गेली. मानसिक आजार होता, नशापाणी होतं, बाहेरचे संबंधही होते. १९६८ मध्ये घटस्फोट झाला. कॅरोल २६ वर्षांची होती आणि पदरात दोन मुली, लुईस आणि शेरी. न्यूयॉर्क म्हणजे तिचं माहेर, काम, ओळखीपाळखी, सगळं काही. ते सोडून ती मुलींना घेऊन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली, लॉस एंजेलिसला. तिथल्या लॉरेल कॅन्यन नावाच्या डोंगराळ वस्तीत तिनं घर केलं.

तिथं तिनं दोन मित्रांबरोबर बँड काढला. पण स्टेजवर जायचं म्हटलं की तिच्या पोटात गोळा यायचा. कार्यक्रमच केले नाहीत, मग रेकॉर्ड कशी खपणार? बँड बंद पडला. १९७० मध्ये तिची स्वतःची पहिली रेकॉर्ड आली. नाव होतं ‘रायटर’! बघा, गायला लागली तरी नाव मात्र ‘लिहिणारी’. तीही फारशी कुणाच्या लक्षात आली नाही.

या काळात तिचा मित्र, गायक जेम्स टेलर तिच्या मागे लागला होता, ‘तू स्वतः गा’ म्हणून. कॅरोल त्याच्या कार्यक्रमात पियानोची साथ करायची. १९७० मध्येच न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात त्याचा कार्यक्रम होता. योगायोग असा, की हे कॅरोलचंच जुनं कॉलेज. ‘आज ‘अप ऑन द रूफ’ तू गायचंस’ असं जेम्सनं तिला ऐनवेळी सांगितलं. तिनं आणि जेरीनं काही वर्षांपूर्वी ‘ड्रिफ्टर्स’ या ग्रुपसाठी केलेलं हे गाणं. ती गांगरली. पण त्यानं गाणाऱ्या बाईची ओळख करून देताना हिनं कोणकोणती गाणी केली आहेत, ते लोकांना सांगितलं. ज्या गाण्यांवर ती मुलं लहानाची मोठी झाली होती, ती करणारी बाई समोर बसलेली! कॅरोल गायली आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं.

बारा गाणी

जानेवारी १९७१ मध्ये हॉलिवूडच्या एका स्टुडिओत ‘टॅपेस्ट्री’चं रेकॉर्डिंग झालं. निर्माता लू अॅडलर याला तिच्या त्या जुन्या नमुन्याच्या टेपा ठाऊक होत्या. त्यातला साधेपणा त्याला हवा होता. बाई पियानोपुढे बसून आपल्या एकटीसाठी गातेय, असं ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे. म्हणून वाद्यं मोजकी, पियानो आणि आवाज पुढे. १० फेब्रुवारीला रेकॉर्ड बाजारात आली. आदल्याच दिवशी कॅरोलला २९ वर्षं पूर्ण झाली होती.

रेकॉर्डवर १२ गाणी आहेत. त्यातल्या सात गाण्यांची चाल आणि शब्द दोन्ही तिचे एकटीचे. इतकी वर्षं शब्द नवऱ्याचे असायचे, आता ती स्वतः लिहू लागली होती. दूर गेलेलं माणूस, घराची ओढ, अडीनडीला हाकेसरशी धावून येणारं मैत्र... विषय आपल्या रोजच्या जगण्यातलेच. ‘यू हॅव गॉट अ फ्रेंड’ हे मैत्रीचं गाणं जेम्सनंही आपल्या आवाजात गायलं आणि त्याच वर्षी ते पहिल्या नंबरावर गेलं. संपलेल्या नात्याविषयीच्या ‘इट्स टू लेट’चे शब्द टोनी स्टर्न या तिच्या मैत्रिणीचे. त्यात रडारड नाही, आरोप नाहीत. आपल्यातलं काहीतरी संपलंय, एवढं समजून घेणारी एक शहाणी बाई त्यात बोलते.

पण या रेकॉर्डमधली मला सर्वांत भावणारी गोष्ट म्हणजे तिनं आपली जुनी गाणी परत गायली. ‘शिरेल्स’नी गायलेलं ते धाकधुकीचं गाणं तिनं सावकाश, अगदी हळुवार गायलं. शब्द तेच, चाल तीच. पण १९६० मध्ये ते एका कोवळ्या पोरीचं होतं. आता ते एक संसार मोडलेली, दोन मुलींची आई गात होती. प्रश्न तोच, पण विचारणारीला उत्तर माहीत होतं! शेवटी ‘नॅचरल वुमन’. अरिथाचा आवाज म्हणजे आभाळ फाडणारा. त्याच्याशी बरोबरी करायच्या फंदात कॅरोल पडलीच नाही. आपल्या साध्या, किंचित खरखरीत आवाजात, पियानोवर ती गायली. ऐकणाऱ्या लाखो बायकांना वाटलं, अरे, ही तर आपल्यासारखीच गातेय.

पुरस्काराची रात्र आणि तान्हं बाळ

मार्च १९७२ मध्ये ‘टॅपेस्ट्री’ला संगीतातले मानाचे चार ग्रॅमी पुरस्कार मिळाले. वर्षातलं सर्वोत्तम गाणं रचल्याबद्दलचा ग्रॅमी मिळवणारी कॅरोल ही पहिली स्त्री. पण ती समारंभाला गेलीच नाही! दुसऱ्या लग्नाची तिची मुलगी मॉली तेव्हा जेमतेम अडीच महिन्यांची होती. कॅरोल बाळाजवळ घरीच राहिली आणि पुरस्कार तिच्या वतीनं लू अॅडलरनं घेतले.

इथवरची गोष्ट वाचून वाटेल, स्वतःचा आवाज सापडला म्हणजे सगळं मिळालं. तसं नसतं हो. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये लाखभर लोकांनी तिला ऐकलं. १९७४ मधली तिची ‘रॅप अराउंड जॉय’ पहिल्या नंबरावर गेली. नंतर मात्र यश ओसरत गेलं आणि ‘टॅपेस्ट्री’ची उंची पुन्हा गाठता आली नाही. दुसरं लग्नही मोडलं. १९७७ मध्ये तिनं तिसरं लग्न केलं आणि आयडाहो राज्यातल्या डोंगराळ, एकाकी भागात राहायला गेली. हा नवरा तिला मारहाण करायचा. वर्षभरातच अमली पदार्थांच्या अतिसेवनानं तो गेला. हे सगळं तिनं २०१२ मध्ये आलेल्या आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणानं लिहिलं आहे. अशा बायका नवऱ्याला सोडून का जात नाहीत, हे तिला स्वतःलाही पूर्वी समजत नसे. स्वतःवर वेळ आली तेव्हा समजलं. पैसा, नाव, गाणी सगळं असलेल्या बाईवरही ही वेळ येऊ शकते. हे तिनं कबूल केलं, याचं मला गाण्याइतकंच मोल वाटतं.

आयडाहोत ती पुढेही बरीच वर्षं राहिली. वीज नसलेल्या लाकडी घरात राहणं, जनावरांचं दूध काढणं, मुलांना घरीच शिकवणं, हे सगळं तिनं केलं. तिथली जंगलं वाचवण्यासाठी अमेरिकेच्या संसदेपुढे जाऊन साक्षही दिली.

आपलंच एक गाणं मात्र तिनं मधल्या काळात गायचं सोडून दिलं होतं. ‘टॅपेस्ट्री’वरचं ‘व्हेअर यू लीड’. पुरुष नेईल तिकडे त्याच्यामागून जाणाऱ्या बाईचं ते गाणं आता तिला पटेनासं झालं होतं. २००० मध्ये ‘गिलमोर गर्ल्स’ या आई-मुलीच्या मालिकेसाठी त्याचे शब्द बदलले. आता ते मायलेकींचं गाणं झालं आणि कॅरोलनं ते गायलं कुणाबरोबर? लुईसबरोबर! तिच्या १८ व्या वर्षी जन्मलेली तीच लेक.

एकाच दाराशी दोनदा

डिसेंबर २०१५ मध्ये वॉशिंग्टनला कॅरोलचा सन्मान होता. वर सज्जात ती बसलेली आणि खाली रंगमंचावर ७३ वर्षांची अरिथा फ्रँकलिन पियानोपुढे बसून ‘नॅचरल वुमन’ गात होती. कॅरोलला आनंद आवरेना. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबामा डोळे पुसत होते. तिनं दुसरीला दिलेलं, मग स्वतः गायलेलं ते गाणं आता दोघींचं झालं होतं.

अमेरिकेत ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ नावाची एक मानाची संस्था आहे. १९९० मध्ये तिनं कॅरोलला आत घेतलं, ते जेरी गॉफिनच्या जोडीनं, गाणी लिहिणारी म्हणून. गायिका म्हणून तिला त्याच दारातून आत जायला २०२१ साल उजाडलं. तेव्हा ती ७९ वर्षांची होती. मधे गेली तब्बल ३१ वर्षं!

मैत्रिणींनो, आपल्यातली कुणी सुरेख चाली लावते, पण मंडळात पेटीवरच बसते. कुणाची कवितांची वही साड्यांच्या खाली दडलेली असते. ‘माझा आवाज काय एवढा चांगला नाही’ हे आपलं ठरलेलं वाक्य. कॅरोलचाही नव्हताच एवढा चांगला. पण तिच्या गाण्याला तोच हवा होता. आज दुपारी सगळं आवरल्यावर ती वही जरा बाहेर काढा. आणि मोठ्यानं वाचा, निदान स्वतःला ऐकू जाईल इतकं तरी.