उसाचा रस, वाफ आणि नळीची भिंत

येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्यावर हिंगोली जिल्ह्यात वसमतच्या पट्ट्यात ऊस वाढला आणि पूर्णा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कारखाना म्हटले की आपल्याकडे बोलणे होते ते भावाचे आणि उताऱ्याचे. रस तापवायला आणि आटवायला वाफ किती लागते, हा प्रश्नही शेतकऱ्याच्या पैशाचाच आहे. रसात साधारण 85 टक्के पाणी असते. ते उडवणारी वाफ बगॅस, म्हणजे रस काढून उरलेले चिपाड, जाळून मिळते आणि वाचलेल्या बगॅसची वीज होते. म्हणून हा लेख ज्यूस हीटरच्या नळीबद्दल आहे. आत रस, बाहेर वाफ, मध्ये धातूची पातळ भिंत. रसाला उष्णता अधिक मिळावी यासाठी वाफ अधिक गरम करणे हा शेवटचा उपाय. आधी नळी स्वच्छ हवी आणि रसाला वेग हवा.

ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1883 साली रंगाची धार सोडून दाखवले की नळीतले पाणी एका मर्यादेपर्यंत शिस्तीत वाहते आणि पुढे घुसळू लागते. मात्र घुसळणाऱ्या प्रवाहातही भिंतीलगत एक पातळ, संथ थर उरतोच. उष्णता अडते ती तिथे. वेग दुप्पट केला तर हा थर पातळ होतो आणि रसाच्या बाजूचे उष्णतावहन सुमारे पाऊणपट वाढते. दुसरा अडथळा क्षारांचा. चुना आणि गंधकाच्या धुराने रस निवळताना सगळे क्षार गाळात जात नाहीत. उरलेले नळीला आतून चिकटतात. अर्धा मिलिमीटर जाडीचा असा थर दोन मिलिमीटरच्या साध्या पोलादी भिंतीपेक्षा निदान पाच-सहा पट अडथळा करतो.

वेग वाढवला की पंपाची वीज वाढते, हा आक्षेप खरा आहे. त्याच रसाला दुप्पट वेगाने दुप्पट फेऱ्या दिल्या तर पंपाचे काम साडेसहा पटींहून अधिक वाढते. पण हिशेब पुरता मांडावा. तासाला 100 टन रस 30 अंशांनी तापवायला सुमारे 3250 किलोवॅट उष्णता लागते. दहा मीटर दाबघटीसाठी पंपाला तीनेक किलोवॅट पुरतात. ते साडेसहा पट झाले तरी वीसच्या आसपास. म्हणून एका मर्यादेपर्यंत वेग परवडतो. मग वाफच अधिक गरम का नको? कारण जास्त उष्णतेने साखर फुटते, रस काळवंडतो. शिवाय नॉर्बर्ट रिलियू यांनी 1840 च्या दशकात लुइझियानात दाखवलेली वाट वेगळी आहे: एका भांड्यातून निघालेली वाफ पुढच्या भांड्याला द्यायची. स्वच्छ नळी कमी तापमानाच्या अशा वाफेवरही भागवते आणि बॉयलरची ताजी वाफ वाचते. नळीत पीळ दिलेली पट्टी बसवून घुसळण वाढवता येते. निर्मळ द्रवात ती उपयोगीही पडते. उसाच्या रसात मात्र बारीक चिपाड तिला अडकते आणि साफसफाईचा ब्रश आत जात नाही. सफाईसाठी गाळप थांबते, अशीही तक्रार असते. त्यावर उपाय जादा हीटरचा: एक चालू, तर दुसरा कॉस्टिक सोड्याने उकळून साफ.

यातले काहीही वसमतच्या आवाक्याबाहेरचे नाही. सभासदांनी वार्षिक सभेत उताऱ्यासोबत एक आकडा आणखी मागावा: टनभर उसामागे वाफ किती लागली?