मातीचा किल्ला आणि छायाचित्र

दिवाळीत मातीचा किल्ला उभारण्याची परंपरा पिंपरी-चिंचवड व चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातही टिकून आहे. दगड-विटांच्या रचनेवर भिजविलेले गोणपाट अंथरून चिखलाचा लेप दिला जातो. त्यात अळीव व मोहरी पेरली की चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. चाकणच्या मुलांना तर नमुना गावातच लाभला आहे : १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शायिस्ताखानाविरुद्ध सुमारे दोन महिने लढविलेला भुईकोट संग्रामदुर्ग.

सण सरताच मातीचा किल्ला मोडला जातो. छायाचित्र हीच त्याची नोंद. सकाळच्या तिरप्या उन्हात, कॅमेरा तटाच्या उंचीवर धरल्यास बुरूज उठून दिसतात.

फरसबंद वसाहतींत मात्र मातीच दुर्मिळ होत आहे. शाळा व ग्रामपंचायतींनी मोकळ्या जागेचा एक कोपरा राखल्यास ही कला पुढील पिढीच्या हाती राहील.