संगणकाच्या पडद्यावरचा शिधा

व्हिडिओ गेम म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? धडाधड गोळ्या, मोटारींच्या शर्यती आणि "पाचच मिनिटं गं आई" म्हणत तासभर न उठणारा चिरंजीव! पण मैत्रिणींनो, या खेळांची आणखीही एक जात आहे. तिथे हाताच्या चपळाईला फारसं काम नसतं. गोष्ट असते, आणि पुढे काय करायचं ते आपण ठरवायचं असतं. शाळेचे तास नसतील त्या दुपारी मी असे चार खेळ खेळले. त्यांतले काही मुलांपेक्षा संसार करणाऱ्या बायकांनाच जास्त कळतील, असं माझं ठाम मत झालं आहे.

पहिला 'धिस वॉर ऑफ माइन'. वॉर्सातल्या '११ बिट स्टुडिओज' कंपनीने तो २०१४ साली काढला. साराजेव्हो शहराला १९९२ ते १९९६ अशी जवळजवळ चार वर्षं वेढा पडला होता, त्यावरून तो सुचलेला. युद्ध आहे, पण आपण सैनिक नाही. पडक्या घरात आसरा घेतलेली तीन साधी माणसं आपल्या हवाली केलेली असतात : ब्रूनो हा आचारी, कातिया ही वार्ताहर आणि पाव्हले हा फुटबॉल खेळणारा तरुण. दिवसा बाहेर पडलं तर दबा धरून बसलेले बंदूकवाले टिपतात, म्हणून घरातच राहायचं. रात्री एकाने अन्न-औषधं शोधायला जायचं, बाकीच्यांनी झोपायचं किंवा पहारा द्यायचा. ब्रूनो रांधायला बसला की पाणी आणि जळण कमी लागतं. (हे ज्याला सुचलं त्याला मी मनापासून दाद दिली!) कातियाला घासाघीस चांगली जमते, म्हणून सौद्याला तिलाच पुढे करावं. लढाई केव्हा थांबणार ते सांगितलेलं नसतं. तेव्हा आज डबा किती रिकामा करायचा, हाच खरा डाव. महिनाअखेरीला जिने घर चालवलंय तिला हे समजावून सांगायला नको.

त्यातलं एक घर माझ्या मनातून जात नाही. तिथे एक म्हातारं जोडपं राहतं. घरात अन्न आहे, औषधं आहेत, आणि अडवणारं कुणी नाही. आजोबा नुसत्या विनवण्या करतात. इकडे आमचा ब्रूनो आजारी. तरी मी कातियाला कशालाही हात न लावता परत आणलं. तिथे चोरी केली तर आपली माणसं खिन्न होतात, हातपाय गाळतात. म्हणजे पोट भरतं आणि घर खचतं. पुढे ब्रूनो गेला. सोंगटी मेली तर आपण डाव पुन्हा मांडतो, पण त्या संध्याकाळी मला कुकर लावायचं सुचेना. रात्री जेवताना यावर वाद झाला. ह्यांचं म्हणणं, आपलं माणूस आधी. सासूबाईंनी खेळ पाहिलासुद्धा नव्हता. त्या म्हणाल्या, "आणि त्या म्हाताऱ्यांना कोण होतं?"

पोलंड सरकारने २०२० साली हा खेळ शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घालायचं जाहीर केलं. मी इतिहास शिकवते, म्हणून मला त्याचं विशेष वाटलं. वेढा म्हणजे 'शहराभोवती सैन्य असणे' असं मुलं लिहितात आणि गुण मिळवतात. घरातल्या पाण्यापर्यंत तो अर्थ पोचतच नाही.

त्याच कंपनीचा 'फ्रॉस्टपंक' (२०१८) मला तितका रुचला नाही. बर्फात गोठलेलं जग, मधोमध प्रचंड भट्टी, तिच्याभोवती वस्ती. आपण त्या वस्तीचे प्रमुख. अन्न पुरेना तर सूप पातळ करायचं की जेवणात लाकडाचा भुसा मिसळायचा? मुलांना कामाला जुंपायचं की नाही? असे कायदे आपण करायचे. आमटीत पाणी वाढवणं आपल्याला नवं नाही, पण भुसा! कल्पना जबरदस्त आहे, मात्र खेळ फार घाई करतो आणि शेवटी आपल्यालाच जाब विचारतो. कशाला? कायदा करतानाच ते कळलेलं असतं.

'सिव्हिलायझेशन ६' (२०१६) म्हणजे इसवी सनापूर्वी ४००० पासून राज्य वाढवत आणायचं. राज्यकर्ता म्हणून गांधीजीही निवडता येतात! बुद्धीला खुराक आहे खरा, पण तिथे धान्य म्हणजे नुसता आकडा. ते शिजवलं कुणी, हे कुणी विचारत नाही. शिवाय 'आता एकच खेळी' म्हणता म्हणता दूध उतू जातं, हे आधीच सांगून ठेवते.

सगळ्यात जवळचा वाटला तो 'वेण्बा' (२०२३). टोरांटोच्या छोट्याशा चमूने केलेला. १९८० नंतरच्या दशकात कॅनडात गेलेलं तमिळ जोडपं, आणि तिच्या आईची पाककृतींची वही. वही फाटलेली, मजकूर पुसलेला. कृती आपण जुळवायच्या. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या इथपासून सुरुवात! मुलगा कविन इंग्रजीकडे ओढला जातो. आईला त्याचं बोलणं आणि त्याला आईची भाषा परकी होत जाते. परदेशी गेलेल्या लेकाच्या फोनची वाट पाहणाऱ्या आयांना हे फार लागेल.

पहिले दोन खेळ मोठ्यांसाठीच ठेवा. 'वेण्बा' मात्र मुलांना शेजारी बसवून खेळावा, एका दुपारीच संपतो. आमच्या लेकीने तो संपल्यावर माझी वही मागितली. आता ती विचारत बसली आहे, "आई, 'अंदाजाने' म्हणजे किती चमचे?"