ज्यांची सही घेतली नाही

बँकेत तडजोडीला कोणी नावं ठेवत नाही. कर्जदार थकला, तारणाला गिऱ्हाईक नाही, कोर्टात दहा वर्षं जाणार. अशा वेळी व्याजावर पाणी सोडून मुद्दल पदरात पाडून घेणारा मॅनेजर शहाणा समजला जातो. राजकारणातही दोन पक्षांनी एकत्र बसून मार्ग काढला की आपल्याला हायसं वाटतं. वाटायलाच हवं. पण जे सोडायचं ते सोडणाऱ्याच्या मालकीचं असावं लागतं. तिसऱ्याच्या ठेवीतून सूट देता येत नाही.

अमेरिकेत नेमकं हेच झालं. १७८७ साली राज्यघटना लिहिताना लोकप्रतिनिधींची संख्या ठरवण्यासाठी गुलामांची गणती कशी करायची, यावर घोडं अडलं. तोडगा निघाला : पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. त्या तिघांना मत नाही. त्यांच्या जिवावर मालकांच्या राज्यांना जागा मात्र जास्त. पुढे १८२० मध्ये ठरलं की मिसुरी राज्य गुलामगिरीसह घ्यायचं, मेन तिच्याविना, आणि पश्चिमेच्या मुलखावर ३६ अंश ३० मिनिटांची रेघ ओढायची. रेघेच्या वर गुलामगिरी नाही, खाली चालेल.

आपल्याकडे सोसायटीच्या कर्जाचं ‘नवं-जुनं’ करतात. जुनं फेडल्याचं दाखवायचं आणि लगेच नवं उचलायचं. कागदावर थकबाकी नाही, आकडा मात्र फुगत राहतो. अमेरिकेचं नवं-जुनं १८५० मध्ये आलं.

व्हिग पक्षाचे हेन्री क्ले तेव्हा सत्तरी ओलांडलेले. तडजोडीचे महर्षी अशी त्यांची ख्याती. स्वतः गुलामांचे मालक. त्यांनी सगळ्या मागण्यांचं एकच गाठोडं बांधलं आणि ते सिनेटमध्ये सुटलं. मग डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्टीफन डग्लस यांनी त्याची वेगवेगळी विधेयकं केली आणि दर वेळी वेगळं बहुमत जमवून ती मंजूर करून घेतली. सगळ्या विधेयकांना ‘हो’ म्हणणारे सभासद थोडेच होते. एका फाइलवर सगळ्यांच्या सह्या मिळेनात म्हणून फाइलच फाडून वाटण्याचा हा प्रकार. याला समेट म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

उत्तरेला कॅलिफोर्निया गुलामगिरीविना मिळालं. दक्षिणेला मिळाला पळालेल्या गुलामांना धरून देण्याचा कडक कायदा. आरोपीला स्वतःची साक्ष देता येत नव्हती, ज्यूरी नव्हती. निवाडा करणाऱ्या कमिशनरची फी अशी : माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर १० डॉलर, सोडला तर ५. ताब्यात देताना कागदपत्रं जास्त करावी लागतात, असं त्याचं समर्थन होतं. जन्मभर व्हाउचरं तपासलेल्या मला हे व्हाउचर पचलेलं नाही.

१८५४ मध्ये अँथनी बर्न्स नावाच्या तरुणाला बॉस्टनच्या रस्त्यांतून, सैनिकांच्या पहाऱ्यात, परत गुलामगिरीत नेलं. त्याच वर्षी डग्लस यांच्याच कॅन्सास-नेब्रास्का कायद्याने १८२०ची रेघ पुसली. व्हिग पक्षाची शकलं झाली.

काही अभ्यासक म्हणतात, १८५०च्या तडजोडीने युद्ध दहा वर्षं लांबलं आणि तेवढ्यात उत्तर बळकट झाली. असेलही. पण ती दहा वर्षं मळ्यात कोणी काढली, हेही त्याच पानावर लिहायला हवं.

लिंकन तडजोडीचे शत्रू नव्हते. जिथे गुलामगिरी आहे तिथे हात लावणार नाही, हे सांगायला ते तयार होते. मात्र १८६०-६१च्या हिवाळ्यात सिनेटर क्रिटेंडन यांनी जुनी रेघ पुन्हा ओढून थेट पश्चिमेपर्यंत नेण्याचा तोडगा आणला, तेव्हा गुलामगिरी पसरू देण्याला त्यांनी ठाम नकार दिला. युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक गेले. १८६५ मध्ये गुलामगिरी घटनेनेच बंद झाली.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, ते याच कामासाठी. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८७७ मध्ये, अध्यक्षपदाची वादग्रस्त निवडणूक मिटवताना दोन्ही पक्षांत पुन्हा समझोता झाला. रिपब्लिकन हेज यांना अध्यक्षपद मिळालं. लुइझियाना आणि साउथ कॅरोलिनातल्या सरकारांना आधार देणारं केंद्राचं सैन्य बराकीत परतलं. कृष्णवर्णीयांचा मताचा हक्क घटनेत तसाच होता. तो बजावू देण्यासाठी परिणामकारक कायदा झाला १९६५ साली.