दग्यानंतरची चाल

कोल्हापुरात ‘बंटी-मुन्ना’ म्हटलं की आडनावं सांगावी लागत नाहीत. बंटी म्हणजे कसबा बावड्याचे सतेज पाटील. मुन्ना म्हणजे पंचगंगेपलीकडच्या शिरोलीतल्या महाडिक घराण्याचे धनंजय महाडिक. एकेकाळचे मित्र. तुमच्या-माझ्या मैत्रीत कोण कधी कसं वागलं याची तारीखवार नोंद कुणी ठेवत नाही. या मैत्रीतली जवळजवळ प्रत्येक चाल मात्र निवडणूक निकालांत छापून आली आहे.

२००४ मध्ये सतेज पाटील करवीरमधून अपक्ष उभे राहिले, महाडिकांची साथ मिळाली आणि दिग्विजय खानविलकरांसारखा मंत्री पडला. २००९ मध्ये कोल्हापूर दक्षिणमध्ये हेच दोघे एकमेकांसमोर उभे ठाकले आणि पाटील जिंकले. २०१४ च्या लोकसभेला पाटलांनी जुनं सगळं बाजूला ठेवून धनंजय महाडिकांचा प्रचार केला, महाडिक खासदार झाले. त्याच वर्षी विधानसभेला धनंजय यांचे चुलतभाऊ अमल महाडिक भाजपकडून उभे राहिले आणि पाटील पडले. पुढच्याच वर्षी विधान परिषदेला पाटलांनी अमल यांचे वडील महादेवराव महाडिकांना हरवलं. २०१९ ला पाटील गटाची ‘आमचं ठरलंय’ची घोषणा आली, धनंजय महाडिक लोकसभा हरले. २०२३ ला बावड्यातल्याच राजाराम साखर कारखान्याच्या निवडणुकीत पाटील गटानं ‘कंडका पाडायचा’, म्हणजे एकदाचा तुकडा पाडायचा, असं म्हटलं, पण कारखाना महाडिकांकडेच राहिला.

आधी दगा कुणी दिला? बावड्यातल्या भगवा चौकात विचारलंत तर एक उत्तर येईल, नदी ओलांडून शिरोलीत गेलात तर दुसरं. त्या वादात मी पडणार नाही. राजकारणातली दोस्ती ही खरी दोस्ती असते का, हा प्रश्नही सोडून देऊ. पण ही यादी राजकारण विसरून नुसता खेळ म्हणून वाचा. साथ, विरोध, साथ, विरोध, मग विरोधच विरोध. हुबेहूब असाच खेळ १९८० च्या सुमारास अमेरिकेत संगणकावर खेळला गेला आणि त्याचे निकाल इतके अजब लागले की अजूनही वाचताना मी थबकतो.

मिशिगन विद्यापीठातल्या रॉबर्ट ॲक्सलरॉड या राज्यशास्त्रज्ञानं स्पर्धा भरवली. नियम सोपा. दोघांनी प्रत्येक फेरीत एकाच वेळी ठरवायचं, साथ द्यायची की दगा. दोघांनी साथ दिली तर तीन-तीन गुण. दोघांनी दगा दिला तर एक-एक. एकानं साथ दिली आणि दुसऱ्यानं दगा, तर दगेबाजाला पाच, भाबड्याला शून्य. अशा दोनशे फेऱ्या. मानसशास्त्र, अर्थशास्त्र, गणित अशा विषयांतल्या तज्ज्ञांनी चौदा प्रोग्रॅम पाठवले. काही फार धूर्त होते, मधूनच हळूच दगा देऊन समोरचा काय करतो ते चाचपणारे.

जिंकला तो सगळ्यांत छोटा. ॲनातोल रापोपोर्ट यांनी पाठवलेल्या या प्रोग्रॅमला एवढंच येत होतं: पहिल्या फेरीत साथ द्यायची, पुढं समोरच्यानं मागच्या फेरीत जे केलं तेच करायचं. दगा दिलास, एक दगा घे. वळणावर आलास, झालं-गेलं संपलं. ॲक्सलरॉडनं निकाल जाहीर करून दुसरी स्पर्धा घेतली, सहा देशांतून बासष्ट प्रोग्रॅम आले. याला कसं हरवायचं याचा विचार करूनच अनेक जण उतरले होते. तरी तोच जिंकला.

गंमत पुढं आहे. हा प्रोग्रॅम कुठल्याही एका लढतीत समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवूच शकत नाही. पहिला दगा तो कधी देत नाही, त्यामुळे फार तर बरोबरी होते, नाहीतर थोडक्यात हार. एकाही गड्याला चीत न करता मैदान मारणारा पैलवान! कोल्हापूरकराला हे पटवणं अवघड आहे, पण गणित तसंच आहे. तो स्वतः जिंकत नव्हता, समोरच्याला साथीवर आणत होता, आणि साथीचे तीन-तीन गुण साठत गेले.

पहिल्या स्पर्धेत वरचे आठही प्रोग्रॅम आपणहून पहिला दगा न देणारे होते. या सज्जनांतही सगळ्यांत कमी गुण कुणाला पडले? एकदा दगा बसला की कायमचा कंडका पाडणाऱ्याला. त्याचं नाव फ्रीडमन. समोरच्याची एक चूक, की उरलेल्या सगळ्या फेऱ्या दोघेही एक-एक गुणावर.

मग माफ करत सुटावं? तेही नाही. दोन दगे सलग बसल्याशिवाय उलटवार न करणारा प्रोग्रॅम पहिल्या स्पर्धेत असता तर तोच जिंकला असता, असं हिशेबात दिसलं. म्हणून जॉन मेनार्ड स्मिथ या नामवंत जीवशास्त्रज्ञानं तो दुसऱ्या स्पर्धेत उतरवला. आला चोविसावा. मधल्या काळात मंडळी शहाणी झाली होती. पहिला दगा फुकट जातो हे ओळखून एकाआड एक दगा देणारे प्रोग्रॅम तयार होते. असे मित्र बावड्यातच काय, सगळीकडे असतात.

संगणकावर ‘साथ’ म्हणजे साथच. माणसांत गैरसमज होतात. फोन लागला नाही, निरोप उलटा पोचला, तिसऱ्यानं मीठमसाला लावून सांगितलं. जशास तसं वागणारे दोघे असतील आणि एकाची साथ चुकून दगा म्हणून पोचली, तर दुसरा उलटवार करतो, मग पहिला, मग पुन्हा दुसरा. चूक कुठून सुरू झाली हे दोघांनाही आठवत नाही. १९९२ मध्ये मार्टिन नोवाक आणि कार्ल झिगमुंड यांनी यावर उपाय शोधला: जशास तसं वागा, पण मधूनमधून दगा सोडून द्या. किती वेळा? ॲक्सलरॉडच्या गुणांच्या हिशेबानं साधारण तिनांतून एकदा. आणि कुठला दगा माफ होईल याचा अंदाज समोरच्याला येता कामा नये. अंदाज आला की तो त्याचा हक्क होतो.

हे शहाणपण माणसाचंच आहे असंही नाही. १९९३ मध्ये मरीना कोर्ड्स आणि सिल्वी थुर्नहेर यांनी लांब शेपटीच्या मकाक माकडांच्या जोड्यांना अशी सवय लावली की दोघं शेजारी बसली तरच खाऊ मिळेल. त्यानंतर भांडण झालं की या जोड्या पूर्वीपेक्षा सुमारे तिपटीनं जास्त वेळा समेट करू लागल्या. माकडं तीच, स्वभाव तेच. एकमेकांवाचून अडायला लागलं, एवढाच काय तो फरक.

उलट बाजूही आहे. अथीना अक्टिपिस यांनी २००४ मध्ये खेळाडूंना उठून जायची मुभा देऊन पाहिली. दगा मिळाला की सूड नाही, समजावणी नाही, सरळ दुसरीकडे चालू पडायचं. स्मरणशक्तीही न लागणारी ही युक्ती भलतीच यशस्वी ठरली. तेव्हा तोडावं की ठेवावं याचं उत्तर दग्याच्या आकारापेक्षा दोन गोष्टींवर जास्त ठरतं: पुढं किती फेऱ्या उरल्या आहेत, आणि उठून जायला किती पडतं.

पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या दोन मित्रांना उठून जाणं स्वस्त आहे. बावड्यात ते महाग पडतं. शिवाराला शिवार लागून, ऊस एकाच कारखान्याला, तालीम एक, मयतीला खांदा द्यायलाही तीच माणसं. पाटील गटाच्या गावातच महाडिकांच्या ताब्यातला कारखाना उभा आहे, तो काही उचलून नेता येत नाही. अशा ठिकाणी ‘संबंध तोडले’ म्हणणारासुद्धा खेळातून बाहेर पडत नाही. तो फ्रीडमन होऊन त्याच पटावर बसून राहतो, एक-एक गुण मोजत.

ॲक्सलरॉडच्या खेळात मात्र एक गोष्ट नव्हती. तिथं प्रत्येक जोडीत एकच खातं असतं, साथ नाहीतर दगा. खऱ्या मैत्रीत खाती बरीच असतात: पैशाचं, गुपिताचं, पैऱ्यावर एकमेकांच्या रानात राबण्याचं, रात्री-अपरात्री दवाखान्यात धावण्याचं. समजा, मित्रासाठी पतसंस्थेत तुम्ही जामीन राहिलात, त्यानं हप्ते थकवले आणि वसुलीची नोटीस तुमच्या दारात आली. तो आपणहून येऊन सांगून गेला होता की तुम्हाला ते नोटिशीतून कळलं, हे मी आधी पाहीन. सांगून गेला असेल तर ही चूक असण्याची शक्यता बरीच. लपवलं असेल तर पैशाचं खातं बंद, पुन्हा त्याच्या कुठल्याही कागदावर सही नाही, आणि हे त्याला तोंडावर सांगायचं, चौकात नव्हे. पैरा चालू ठेवायचा का, हे त्याच्या पुढच्या चालीवर. पण गुपित फोडून घरातल्या बाईमाणसाची बदनामी केली असेल, किंवा हा तिसरा-चौथा दगा असेल, तर नोवाक आणि झिगमुंड यांचं गणित माझ्यासमोर कुणी धरू नये. मग खर्च कितीही येवो, अक्टिपिस बाईंचं ऐकून मी उठेन.